रेडिओमावशीची वेळ

धाकटीने संस्थेला दान मिळालेल्या जीपचं दार दोनदा आपटलं. दोन्ही वेळा ते हळूच उघडून पुन्हा तिच्याकडे बघू लागलं. तिसऱ्यांदा तिने ते एका हाताने आतून ओढून धरलं आणि दुसऱ्या हाताने किल्ली फिरवली.

“धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत,” ती म्हणाली. “संस्थेचे अध्यक्ष दंतवैद्य असले तरी.”

शेजारी बसलेल्या थोरलीच्या ओठांचे कोपरे हलले. तिने गळ्याभोवतीचा स्कार्फ सारखा केला आणि मांडीवरचं पुठ्ठ्याचं खोकं धरून बसली. खोक्यात जुन्या चादरीचे तुकडे होते. डोंगरावरच्या शेवटच्या शाळेतला वायरलेस संच त्यांत गुंडाळून खाली आणायचा, एवढंच आजचं काम होतं.

“हसतेस काय नुसती? एक शब्द तरी बोल ना ताई. डॉक्टर म्हणालेत, जेवढा आवाज उरलाय तेवढा वापरा. वापरला नाही तर तोही जाईल.”

थोरलीने समोरच्या रस्त्याकडे बोट केलं.

“बघतेय मी रस्ता. अख्ख्या गावाला गाडी शिकवलीय मी, मला रस्ता दाखवू नकोस.”

ते खरंच होतं. धाकटीने आयुष्यभर मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. शहरातला दर चौथा माणूस वळणावर आला की त्याच्या कानात अजून तिचा ओरडा घुमायचा. थोरलीचा आवाज मात्र त्याहून जास्त कानांत होता. मोठ्या बसस्थानकावर एका काचेच्या खोलीत बसून तिने उभी हयात गाड्या सोडल्या होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते आहे, कुठलीला उशीर आहे, कोणाचं मूल चौकशी खिडकीपाशी रडत उभं आहे, सगळं तिच्याच तोंडून लोकांना कळायचं. तिचा चेहरा कोणाला ठाऊक नव्हता. पण दुकानात तिने टोमॅटोचा भाव विचारला तरी शेजारचा माणूस दचकून पिशव्या उचलायचा.

निवृत्तीनंतर दंतवैद्याने तिला संस्थेत ओढलं. संस्था म्हणजे आठवड्यातून एकदा त्याच्या दवाखान्यात जमणारी पाच-सात माणसं. डोंगरातल्या एकशिक्षकी शाळांना वह्या, पुस्तकं, औषधं पोचवायची, छपरं दुरुस्त करून द्यायची, अशी त्यांची कामं. थंडीत तिकडचे रस्ते बंद होत आणि मोबाईल तर तिकडे पेपरवेटच्याच कामाचा. म्हणून कोणीतरी जुने वायरलेस संच मिळवले, दुरुस्त केले आणि शाळाशाळांत बसवले. मग प्रश्न आला, यावरून बोलायचं कोणी? सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं.

तेव्हापासून आठवड्यातून दोन सकाळी ती दवाखान्याच्या मागच्या खोलीत, दातांच्या साच्यांनी भरलेल्या कपाटासमोर बसून, फलाटावरच्या सवयीने ‘कृपया लक्ष द्या’ अशी सुरुवात करून डोंगरातल्या मुलांना गोष्ट सांगायची. गोष्ट झाली की एकेक शाळा बोलायची. एका वेळी एकच जण बोलू शकतो, म्हणून बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हणायचं, हे तिनेच मुलांना शिकवलं. मुलांनी तिला नाव दिलं, रेडिओमावशी. ती मात्र त्या गावांना कधी गेली नव्हती. गुडघ्यांचं निमित्त होतं, आणि कोणी फारच आग्रह केला तर म्हणायची, “आवाजाने घरी बसावं. चेहरा दिसला की गोष्ट संपते.”

मग घशात गाठ निघाली. गाठ काढली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली ती नुसती कुजबुज. इस्पितळातून घरी आल्यावर एकदा स्वयंपाकघरात कोणी नसताना तिने स्वतःचंच नाव उच्चारून पाहिलं. कोणी कागद चुरगळावा तसं काहीतरी ऐकू आलं. तिने ओट्यावर हात टेकले आणि तोंड मिटलं ते मिटलंच. आता ती खुणा करायची आणि धाकटी त्या खुणांचे अर्थ लावायची, बहुतेक चुकीचे. थोरलीने वर बोट दाखवलं की धाकटी देवाचं काहीतरी बोलू लागे. तिला फक्त पंखा बंद करून हवा असे.

संस्थेच्या बैठकीत विषय निघाला. संच पडून आहेत. पलीकडच्या डोंगरातल्या आरोग्यकेंद्रांना असे संच हवेत, तिथे बाळंतिणींसाठी वेळेवर निरोप जात नाही. थोरलीच्या जागी कोणी बोलणार असेल तर ठेवू, नाहीतर देऊन टाकू. धाकटीने एकदा प्रयत्न करून पाहिला, संच बंद ठेवून, नुसती तालीम म्हणून. राजकन्या जंगलात शिरत होती, पण ऐकणाऱ्यांना वाटलं की तिला गाडी रिव्हर्स घ्यायला शिकवलं जातंय. धाकटीनेच पुस्तक मिटलं. “माझा आवाज भांडायला बरा,” ती म्हणाली.

संच परत आणायचं ठरलं तेव्हा थोरलीने हात वर केला. सगळ्यांत लांबच्या शाळेतला आपण आणू, अशी खूण केली. का, ते तिने सांगितलं नाही, आणि तिला विचारून उपयोगही नव्हता.

रस्ता चढत गेला तशी धाकटी गप्प झाली. वळणं अवघड होती. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खाली पाहू नये अशी दरी. थोरली मात्र खिडकीला नाक लावून खालीच पाहत होती. दूरवर एखादं छप्पर दिसलं, धूर दिसला, की तिचं बोट काचेवर टेकायचं आणि ते छप्पर वळणाआड जाईपर्यंत तिथेच राहायचं.

शाळा म्हणजे दगडी भिंतींची एक लांब खोली. पत्र्याचं छप्पर, दारात चपलांचा ढीग, मागे उंच खांबावरून खिडकीत उतरलेली तार. जीप थांबायच्या आत मुलं भोवती गोळा झाली. त्यांच्या पुढे एक बारीक, उंच मुलगी होती. दोन पायांवर ती एका जागी उभी म्हणून राहत नव्हती.

“तुम्ही खालच्या संस्थेतल्या आजी ना?”

“आजी कोणाला म्हणतेस गं?” धाकटी उतरली. “आणि आधी दारापासून लांब हो, ते आपोआप उघडतं.”

“रेडिओमावशी नाही आली?”

धाकटीने तोंड उघडलं. त्याच क्षणी मनगटावर थोरलीची बोटं रुतली. धाकटीला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे जे पहिल्यांदा सुचलं ते ती बोलली.

“तिला काम होतं.”

“कसलं?”

“गाड्या सोडायच्या होत्या.”

मुलगी यावर विचार करत होती, तेवढ्यात मास्तर बाहेर आले. धाकटीचा मुलगा शोभतील एवढ्या वयाचे, बाह्यांना खडूची पांढरी पूड. “भिंगरी, पाहुण्यांना आत तर येऊ दे,” ते म्हणाले, आणि थोरलीच्या हातातलं खोकं घ्यायला पुढे झाले. ते इतकं हलकं निघालं की त्यांचे हात नको तेवढे वर गेले.

“रिकामं आहे?”

“नेताना भरणार आहे,” धाकटी म्हणाली, आणि आत जाता जाता तिने सगळं सांगून टाकलं. कार्यक्रम बंद झालाय. संच पडून आहे. दुसरीकडे लोकांना गरज आहे. सांगताना तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला होता, कारण सांगायचं जिवावर आलं होतं. बोलता बोलता तिने पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि खिडकीपाशी ठेवलेल्या संचामागचा पहिला स्क्रू सैल केलासुद्धा. असली कामं झटपट उरकलेली बरी, असं तिचं मत होतं.

“पण तो पडून नाहीये,” मास्तर म्हणाले.

धाकटीचा हात थांबला.

“म्हणजे?”

मास्तरांनी मुलांकडे पाहिलं. मुलं आपणहून आत येऊन जमिनीवर अर्धगोल करून बसत होती. कोणी घंटा दिली नव्हती, कोणी गप्प बसा म्हटलं नव्हतं.

“मावशींचा आवाज बंद झाला, तरी त्यांच्या वेळेला ही अशीच बसायची,” मास्तर हळू आवाजात सांगू लागले. “मी म्हटलं, अरे, निरोप आलाय, सध्या बंद आहे. ऐकत नाहीत. संच लावायचा आणि नुसती खरखर ऐकत बसायचं. मलाच कसंतरी व्हायचं. एके दिवशी हिने,” त्यांनी भिंगरीकडे मान वळवली, “बटण दाबलं आणि विचारलं, तिकडे कोणी आहे का, ओव्हर.”

“मग?”

“होते की. सगळ्याच शाळा होत्या. तशाच बसलेल्या. इतके दिवस सगळ्या शाळा गप्प बसून एकमेकींची शांतता ऐकत होत्या.”

थोरली खिडकीजवळच्या लाकडी पेटीवर बसली.

“मावशींची गोष्ट अर्धीच राहिली होती ना,” मास्तर पुढे म्हणाले. “ते खेचर पुलावर मध्येच अडून बसलं होतं. पुढे होईना, मागे होईना. मुलांनी मला भंडावून सोडलं. मी म्हटलं, मला काय माहीत? शेवटी यांनीच पलीकडून भुईमुगाच्या शेंगा दाखवून ते पुलावरून उतरवलं. आता एकेक शाळा थोडी थोडी गोष्ट सांगते. मी फक्त व्याकरण बघतो, आणि तेही हल्ली विचारत नाहीत.”

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरली संचाकडे पाहत होती. धाकटीने स्क्रू ड्रायव्हर उलटा फिरवायला सुरुवात केली. स्क्रू मुकाट्याने पहिल्या जागी गेला.

“वेळ झाली,” भिंगरी म्हणाली. तिने बटण फिरवलं, खरखर आली, आणि मग तिने माइक तोंडाशी धरला.

“कृपया लक्ष द्या.”

थोरलीची मान ताठ झाली. ते नुसते शब्द नव्हते, ती चाल होती. ‘कृपया’वर थोडं थांबायचं, ‘लक्ष’ला वर न्यायचं आणि ‘द्या’ अलगद खाली ठेवायचं, फलाटावरच्या गडबडीतूनही ऐकू जावं म्हणून. थोरलीला ते कोणी शिकवलं नव्हतं. काचेच्या खोलीत वर्षानुवर्षं बसून ते तिच्या जिभेवर आपोआप तयार झालं होतं. आणि आता ते ह्या पोरीच्या तोंडात होतं, पाठ केल्यासारखं नाही, जन्मापासून असल्यासारखं.

“आज दोन पाहुण्या आल्या आहेत. खालच्या शाळेने सुरुवात करावी. ओव्हर.”

“ऐकू येतंय,” संचातून एक घोगरा मुलगा बोलला. “खेचराने समुद्र बघितला. त्याला वाटलं, ही एवढी मोठी नदी, आणि हिच्यावर पूलच नाही. म्हणून ते खूश झालं. ओव्हर.”

इथे मुलं हसली. दुसऱ्या शाळेने खेचराला बोटीत बसवलं. तिसरीने बोट बुडवली. चौथीचं म्हणणं पडलं की खेचर आधीच मंत्री झालेलं होतं, ते बोटीत कसं? त्यावर थोडी बाचाबाची झाली, एकाच वेळी दोघं बोलू लागले आणि नुसती शिट्टी ऐकू आली. “एकेकाने!” भिंगरी ओरडली. “ओव्हर म्हटल्याशिवाय कोणी बोलायचं नाही. ओव्हर.”

थोरलीच्या मनातला शेवट वेगळा होता. कितीतरी दिवस तिने तो इस्पितळाच्या खाटेवर घोळवला होता. खेचराला कळतं की पूल हलत नाहीये, आपलेच पाय थरथरताहेत. मग ते धीर करतं आणि पार होतं. नीट, शहाणा शेवट. त्याची आता कोणाला गरज नव्हती. खेचर केव्हाच पार झालं होतं, धीरबीर न करता, केवळ पलीकडून कोणीतरी भुईमुगाच्या शेंगा दाखवल्या म्हणून. तिला आधी थोडं टोचलं. मग तिचे खांदे हलू लागले. धाकटी घाबरून वाकली, तेव्हा तिला दिसलं की ताई हसतेय, आवाज नसलेलं, पण पोट धरून.

“आता पाहुण्या,” भिंगरी म्हणाली. “जो येतो त्याने एक वाक्य सांगायचं. नियम आहे.”

धाकटीने माइक घेतला, घसा खाकरला. “खेचर बोटीतून उतरलं. त्याने आधी आरशात मागे बघितलं, मग हात दाखवला आणि मगच डावीकडे वळलं. कारण ते सभ्य खेचर होतं.”

“ओव्हर म्हणा.”

“ओव्हर. आणि सगळ्यांनी असंच वळावं. ओव्हर.”

मुलं खूश झाली. भिंगरीने माइक घेतला आणि थोरलीसमोर धरला. “आता तुम्ही.”

“ती बोलत नाही, बाळा,” धाकटी घाईने म्हणाली. “तिला राहू दे.”

“का?”

“नाही बोलत, बस.”

भिंगरीने माइक मागे घेतला नाही. हट्टाने नव्हे; पुढच्याची पाळी आली की त्याच्यासमोर माइक धरायचा, एवढंच तिला माहीत होतं. खोलीतल्या सगळ्या नजरा थोरलीवर होत्या. तिचा हात स्कार्फकडे गेला, गाठीशी थबकला आणि मग सावकाश पुढे आला. तिने माइक घेतला. अंगठ्याला बटण सापडलं. ते शोधावं लागलं नाही.

खरखर बंद झाली. तिने बटण दाबून धरलं होतं तोवर कोणत्याच शाळेला बोलता येणार नव्हतं. सगळा डोंगर तिच्यासाठी थांबला होता. धाकटी छपराकडे बघत उभी राहिली. मास्तरांच्या हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले आणि एक जमिनीवर पडला. थोरलीचे ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

“खेचर...” ती म्हणाली.

कागद चुरगळावा तसाच तो आवाज होता. पुढच्या रांगेतलं एक लहान मूल चमकून आपल्या बहिणीला चिकटलं. थोरलीला ते दिसलं. अंगठा बटणावरून निसटू लागला. मग तिने डोळे मिटले.

“खेचर चालून चालून फार दमलं होतं. ओव्हर.”

तिने बटण सोडलं आणि खरखर परत आली. मग खालच्या शाळेतला घोगरा मुलगा म्हणाला, “ऐकू आलं, पण हळू का बोलताय? बॅटरी गेली का? ओव्हर.”

“तिकडे कोणी झोपलंय का? ओव्हर,” दुसऱ्या शाळेने विचारलं.

थोरलीने मान खाली घातली. भिंगरीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा संचाकडे. इतक्या वेळात पहिल्यांदाच ती एका जागी स्थिर उभी होती. मग तिने थोरलीच्या हातातून माइक घेतला, अगदी तोंडाजवळ नेला आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाली, “हो. खेचर झोपलंय. दमलंय ना. आता सगळ्यांनी हळू बोलायचं. ओव्हर.”

मग घोगरा मुलगा, आता जेमतेम ऐकू येईल असा, “कुठे झोपलंय? ओव्हर.”

“घोरतंय का? ओव्हर,” आणखी कोणी तितक्याच हळू विचारलं. तिसऱ्या शाळेतून नुसतं “श्शू, श्शू” ऐकू आलं, तिथे कोणीतरी वर्गाला गप्प करत होतं. समोर बसलेली मुलंही एकमेकांच्या कानाला लागून बोलू लागली. बहिणीला चिकटलेलं ते लहान मूल गुडघ्यांवर सरकत पुढे आलं आणि थोरलीच्या पायाशी येऊन बसलं, नीट ऐकू यावं म्हणून. खोलीत, खोलीबाहेर, दऱ्यांच्या पार पलीकडे, कोणीच मोठ्याने बोलत नव्हतं.

धाकटीलाही काहीतरी म्हणायचं होतं. तिने तोंडावर हात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मास्तरांनी तिच्यासाठी खुर्ची आणली, पाय न वाजवता.

संचातून सगळ्यांच्या शेवटी आणखी एक शाळा बोलली. फार लहान, बहुधा नुकतंच ‘ओव्हर’ म्हणायला शिकलेलं पोर असावं. त्याची कुजबुज खरखरीतून जेमतेम वाट काढत आली.

“मग पुढे? ओव्हर.”

भिंगरीने माइक पुन्हा थोरलीच्या हातात दिला. थोरलीने पेटी संचाजवळ सरकवून घेतली.